पाहावयाचीं राहिलेलीं गाणीं

गाणें ही कानाची वस्तु आहे, डोळ्यांची नव्हे, हें मत आम्हीं पन्नास वर्षें मोठ्या अभिमानानें बाळगलें. मैफलींत गवयासमोर बसण्याचा प्रसंग आला कीं पहिल्या आलापाबरोबर आम्ही डोळे मिटून घेत असूं. आणि शेजारचा एखादा श्रोता गवयाच्या हातवाऱ्यांकडे टक लावून पाहूं लागला म्हणजे आम्हांस त्याची कींव येई. वयाबरोबर माणसाच्या मतांना वजन येतें, आणि वजनदार मत उचलून त्याखालीं काय दडलें आहे हें पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. आमचें हें मत उचलून पाहण्याचा योग गेल्या श्रावणांत आला. तो एका इंग्रज रॉक वाद्यवृंदानें आणला हें सांगतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु त्याहून अधिक संकोचाची गोष्ट पुढें यावयाची आहे, तेव्हां पहिल्याच पायरीवर अडून चालणार नाहीं.

आमचा धाकटा भाऊ व्यापारी जहाजांवर इंजिनियर होता. दोन वर्षांपूर्वीं तो वारला. वाईच्या आमच्या जुन्या घरांत माळ्यावर त्याची एक लोखंडी ट्रंक पडून होती. गेल्या श्रावणांत त्याची मुलगी पुण्याहून आली असतां, कौलें गळूं लागल्यामुळें माळा रिकामा करणें भाग पडलें आणि ती ट्रंक खालीं आली. आंत एक लोकरीची टोपी, कांहीं जुनीं प्रमाणपत्रें, निरनिराळ्या बंदरांचीं रंगीत कार्डें आणि दोन व्हिडिओ-कॅसेटी निघाल्या. पहिली विकत घेतलेली. तिचें नांव 'ग्रेटेस्ट फ्लिक्स'. क्वीन नामक वाद्यवृंदाच्या गाण्यांचीं चित्रें एकत्र करून १९८१ सालीं निघालेली ती कॅसेट. दुसरी त्यानें स्वतः भरलेली. परदेशांतील बंदरांत जहाज थांबलें असतां टेलिव्हिजनवर त्या वृंदाचें जें जें लागे तें तें त्यानें वर्षानुवर्षें त्या फितीवर उतरवून घेतलें होतें, आणि वेष्टनांतील पुठ्ठ्यावर आपल्या बारीक, उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरांत प्रत्येक गाण्याचें नांव व साल लिहून ठेवलें होतें. त्यांपैकीं तीन नांवांपुढें समासांत एकच शब्द होता: 'दादा'.

हा दादा म्हणजे आम्ही.

१९८४ च्या दिवाळींत रजेवर येतांना त्यानें एक व्हिडिओ-यंत्र आणलें होतें. वाईंत तेव्हां अशीं यंत्रें बोटांवर मोजण्याइतकीं असत. त्यामुळें आळींतलीं मुलें सायंकाळीं आमच्या ओसरीवर जमत व हिंदी बोलपट पाहत. एके रात्रीं मुलें पांगल्यावर त्यानें आम्हांस हांक मारली आणि म्हणाला, "दादा, जरा बस. तुला एक गाणें दाखवायचें आहे." 'दाखवायचें' या क्रियापदानेंच आमच्या कपाळास आठी पडली. "गाणें ऐकवायचें असतें, दाखवायचें काय?" असें म्हणून आम्हीं व्याकरण आणि संगीत या दोहोंची बाजू एकदम राखली, आणि पान खाण्यास बाहेर पडलों. पुढें आणखी दोन वेळां त्यानें विचारलें, आणि दोन्ही वेळां आम्हीं तेंच उत्तर दिलें. तो वाद घालणारा नव्हता. विचारणें त्यानें नेमकें केव्हां सोडलें हें आम्हांस सांगतां येत नाहीं. कारण त्यानें तें सोडलें आहे हेंच आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

कॅसेटींतील फितींवर वाईच्या पावसाळ्यांनीं पांढरी बुरशी चढविली होती, आणि तें यंत्र तर केव्हांच भंगारांत गेलें होतें. आम्ही त्या परत ट्रंकेंत ठेवणार तोंच पुतणी म्हणाली, "काका, हीं सगळीं गाणीं आतां इंटरनेटवर आहेत. बाबांच्या यादीप्रमाणें एकेक लावूं का?" नको म्हणण्याची जुनी संवय अगदीं ओठांपर्यंत आली होती, परंतु समासांतील तो शब्द समोर होता. आम्ही बसलों. बाहेर पाऊस कोसळत असतां तीन संध्याकाळ आम्ही काका-पुतणी तिच्या लॅपटॉपपुढें बसून होतों.

बँड म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें वरातीचा बँड उभा राहतो. झालरीचे अंगरखे घातलेले, थकलेले, पुढच्या लग्नाला उशीर होत असलेले ते दहाबारा इसम. क्वीन हें प्रकरण निराळें आहे इतकें आम्हांस ठाऊक होतें. याहून अधिक नाहीं. मागाहून वाचून समजलें तें असें कीं, हा वृंद १९७० सालीं लंडनमध्यें सुरू झाला आणि १९७१ सालीं चौथा गडी मिळून पुरा झाला. गळा व पियानो फ्रेडी मर्क्युरीचा, गिटार ब्रायन मे याची, ढोल रॉजर टेलरचे आणि बेस गिटार जॉन डीकनची. चौघेही विद्यालयांतून आलेले. मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. गाण्यासाठीं अर्ध्यावर टाकलेला खगोलशास्त्राचा प्रबंध त्यानें २००७ सालीं पुरा करून डॉक्टरेट मिळविली. टेलर दंतवैद्यक शिकण्यास लंडनला आला होता. डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. मर्क्युरी ईलिंगच्या कलाशाळेंत चित्ररचना शिकला. वृंदाचें मानचिन्हही त्यानेंच काढलें. ज्याचा हात आधीं चित्राला लागला होता तो पुढें गाण्याला चित्र जोडूं लागला यांत नवल तें काय?

या मर्क्युरीचें मूळचें नांव फरोख बलसारा. पारशी कुटुंबांत, झांजीबार येथें, ५ सप्टेंबर १९४६ रोजीं त्याचा जन्म झाला. आणि वयाच्या आठव्या वर्षीं आईबापांनीं त्यास शिकण्यासाठीं धाडलें तें थेट आमच्या डोक्यावर, पांचगणीस, सेंट पीटर्स शाळेंत! तेथें १९५८ सालीं कांहीं मुलांनीं 'हेक्टिक्स' नांवाचा एक छोटा वृंद काढला. त्यांत हा पियानो वाजवी. मुख्य गाणारा दुसराच मुलगा होता. पुढें १९६४ सालीं झांजीबारांत क्रांति झाली तेव्हां बलसारा कुटुंब इंग्लंडांत गेलें. "दादा, तो आपल्या घाटावरचा आहे," असें भावानें आम्हांस एकदां सांगितल्याचें स्मरतें. आणि ती खलाशांची थाप समजून आम्ही हंसलों होतों. वाईहून पसरणीचा घाट चढलें कीं पांचगणी. लहानपणीं आम्ही दोघे एस. टी. नें वर जात असूं तेव्हां सिल्व्हर ओकच्या झाडांखालून इंग्रजी शाळांचीं मुलें गणवेषांत, रांगेनें चाललेलीं दिसत. आम्हांस तीं केवळ श्रीमंत दिसत. त्यांतलें एखादें आठ वर्षांचें मूल घरापासून किती दूर असेल हा विचार आमच्या मनास कधीं शिवला नाहीं.

पुतणीनें प्रारंभ केला तो १९७५ सालच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'पासून. गाणें पांच मिनिटें पंचावन्न सेकंदांचें. त्या काळीं ब्रिटिश टेलिव्हिजनवर 'टॉप ऑफ द पॉप्स' नांवाचा साप्ताहिक कार्यक्रम असे. गायकांनीं तेथें जाऊन ध्वनिमुद्रिकेबरोबर ओठ हलवावयाचे असा बहुधा रिवाज. परंतु या गाण्याच्या मधल्या भागांत मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनीं आपल्याच आवाजांवर आवाज चढवून एक अख्खा समुदाय उभा केला आहे. तो व्यासपीठावर ओठ हलवून दाखविणें हास्यास्पद झालें असतें. शिवाय वृंदास दौऱ्यावर निघावयाचें होतें. म्हणून १० नोव्हेंबर १९७५ रोजीं, एल्स्ट्री येथील ज्या स्टुडिओंत दौऱ्याची तालीम चालू होती तेथेंच, ब्रूस गॉवर्स या दिग्दर्शकानें चारएक तासांत व सुमारें साडेचार हजार पौंडांत हें चित्र उरकलें. गाण्यांच्या प्रचारासाठीं चित्रें काढण्याची चाल याहून जुनी. बीटल्स मंडळीनींही तीं काढलीं होतीं. परंतु हें गाणें इंग्लंडांत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें, आणि त्या यशांत चित्राचा वाटा इतका उघड दिसला कीं, पुढें गाण्याबरोबर चित्र काढणें हें वाद्यवृंदांचें एक कर्तव्यच होऊन बसलें. सहा वर्षांनीं, १९८१ च्या ऑगस्टमध्यें, अमेरिकेंत दिवसरात्र हींच चित्रें दाखविणारी एम.टी.व्ही. ही वाहिनी निघाली.

आम्हीं तें गाणें प्रथम आमच्या नेमाप्रमाणें डोळे मिटून ऐकलें. पुतणी कांहीं बोलली नाहीं. तिनें तें पुन्हां लावलें. दुसऱ्या वेळीं आम्हीं डोळे उघडे ठेवले. काळ्याकुट्ट अंधारांतून चार चेहरे वर येतात. मधला मर्क्युरीचा, डोळे अर्धवट मिटलेले, हात छातीवर. ही रचना त्यांच्या १९७४ सालच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर मिक रॉक या छायाचित्रकारानें केलेली होती. तीच येथें सजीव झाली. मग लोलकाच्या भिंगानें एका चेहऱ्याचे अनेक होतात. आणि कॅमेरा आपल्याच पडद्याकडे वळविल्यामुळें, न्हाव्याच्या दुकानांत समोरासमोर लावलेल्या आरशांत दिसतो तसा, एकच चेहरा मागें मागें लहान होत जातो. डोळे मिटून आम्हांस एक जमाव ऐकूं आला होता. डोळे उघडतांच तो जमाव म्हणजे चार एकटीं माणसें आहेत हें दिसलें. कानानें जें सांगितलें त्याहून हें निराळें होतें, आणि खोटें नव्हतें. जुलै २०१९ मध्यें हें चित्र यूट्यूबवर पाहिलें गेल्याची संख्या शंभर कोटींवर गेली असें पुतणीनें सांगितलें. त्या शंभर कोटींत आमची एकही खेप नव्हती.

यानंतर कांहीं वर्षांचीं चित्रें साधीं आहेत. 'वुई विल रॉक यू' या १९७७ सालच्या गाण्यास टेलरच्या घरामागील बाग पुरली. चौघे बर्फांत थंडीनें काकडत उभे आहेत, आणि सर्व जगाला दम भरणारें तें गाणें म्हणत आहेत. ज्या ठेक्यावर पुढें मोठमोठीं क्रीडांगणें हादरलीं तो ठेका एका परसांत, निष्पर्ण झाडांच्या साक्षीनें धरलेला पाहून आम्हांस मौज वाटली.

पहिला 'दादा' आला तो १९८४ सालच्या 'रेडिओ गा गा' या गाण्यापुढें. टेलरनें रचलेल्या या गाण्याचा आशय कळतांच आमच्या भावाची खोडी आमच्या ध्यानांत आली. रात्रीं एकट्यानें रेडिओ ऐकण्याच्या दिवसांची आठवण काढून हें गाणें हळहळतें कीं, आतां लोकांस ऐकण्यापेक्षां पाहण्याचीच हौस फार! म्हणजे आमचेंच म्हणणें. आणि तें सांगण्यासाठीं या मंडळींनीं काय करावें, तर एक थाटाचें चित्र काढावें! डेव्हिड मॅलेट या दिग्दर्शकानें त्यांत फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस' या १९२७ सालच्या जर्मन मूकपटांतील दृश्यें विणलीं आहेत. ज्या बोलपटपूर्व पटाला आवाजच नव्हता तो येथें रेडिओच्या मदतीला धांवून आला आहे! वृंदाच्या चाहत्यांपैकीं शेंकडों लोकांस पांढऱ्या वेषांत रांगांनीं उभें करून त्यांजकडून डोक्यावर दोनदोनदां टाळ्या वाजवून घेतल्या आहेत. पुढें १३ जुलै १९८५ रोजीं लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हें गाणें सुरू होतांच हजारों प्रेक्षकांनीं तशाच टाळ्या वाजविल्या. त्या त्यांना कोणी शिकविल्या नव्हत्या. त्यांनीं त्या चित्रांत पाहिल्या होत्या. आमच्या मताचें यापेक्षां विनोदी खंडन आमच्या भावास सांपडलें नसतें. तें त्यानें आमच्यासाठीं निवडून ठेविलें होतें, आणि आम्ही पान खाण्यास गेलों होतों.

दुसरा 'दादा' त्याच सालच्या 'आय वाँट टू ब्रेक फ्री' या गाण्यापुढें. गाणें डीकनचें, चित्र पुन्हां मॅलेटचें. त्यांत चौघेही बायका झाले आहेत. इंग्लंडांत १९६० पासून चाललेल्या 'कॉरोनेशन स्ट्रीट' या घरगुती मालिकेची ती थट्टा. मे केसांना गुंडाळ्या लावून झोपेंतून उठतो. डीकन म्हातारी आजी होऊन वर्तमानपत्र वाचीत बसतो. टेलर शाळकरी मुलगी झाला आहे आणि ती त्यास फारच शोभते. मर्क्युरी भरघोस मिशा तशाच ठेवून, आखूड झग्यांत केर ओढण्याचें यंत्र फिरवितो. मध्यंतरीं चित्र एकदम पालटतें. मिशा उतरवून, रॉयल बॅलेच्या नर्तकांच्या मेळ्यांत, तो निजिन्स्की या रशियन नर्तकाच्या प्रसिद्ध वनदेवतेचा अवतार घेतो. आणि थट्टा चालली होती कीं कांहीं निराळेंच, असा पाहणारास प्रश्न पडतो. इंग्लंडांत लोक पोट धरधरून हंसले. अमेरिकेंत मात्र पुरुषांनीं लुगडीं नेसावीं, म्हणजे तिकडचे झगे घालावे, हें कित्येकांस रुचलें नाहीं, आणि चित्र तेथें फारसें दाखविलें गेलें नाहीं.

हें ऐकून आम्हांस हंसूं आलें. आमचे वडील बालगंधर्वांच्या नाटकांविषयीं बोलूं लागले म्हणजे जेवण थंड होई. पुरुषानें स्त्रीभूमिका करावी आणि घरंदाज बायकांनीं त्याच्या लुगड्याची, शालूच्या निऱ्यांची नक्कल उचलावी, हें ज्या महाराष्ट्रानें डोळे भरून पाहिलें त्यास या चित्राचा धक्का तो काय बसणार? भेद एवढाच कीं बालगंधर्व स्त्री होण्यासाठीं स्वतःस विसरत. मर्क्युरी मिशा ठेवून, मी विसरलों नाहीं, तुम्हीही विसरूं नका, असें बजावीत होता. परंतु आमच्या मनांत दुसराच विचार येऊन हंसूं मावळलें. वडील तासन्‌तास बोलत तें बालगंधर्वांच्या गळ्याविषयीं बोलत तितकेंच त्यांच्या वळून पाहण्याविषयीं बोलत. त्यांनीं तें गाणें पाहिलें होतें. गाणें पाहण्याची वस्तु नव्हे हें आम्हांस घरांत कोणीं शिकविलें होतें? कोणीं नाहीं. तें आमचें आम्हींच ठरविलें होतें, आणि धाकट्या भावासमोर मोठेपणानें वापरलें होतें.

तिसरा 'दादा' १९८९ सालच्या 'द मिरॅकल' या गाण्यापुढें. त्यांत वृंदाचें सोंग घेऊन चार लहान मुलें गातात. मर्क्युरी झालेला मुलगा त्याच्या निरनिराळ्या काळांतील वेषांत तोच ताठा, तेच हातवारे असे कांहीं हुबेहूब करतो कीं पुतणी टाळ्या पिटूं लागली. शेवटीं खरे चौघे येऊन आपल्या या बालमूर्तींशेजारीं उभे राहतात. तें पाहतांना आम्हांस मात्र घाटावरची ती रांग दिसली. आणि त्या रांगेकडे एस. टी. च्या खिडकींतून पाहणारीं दोन पोरें. खिडकीजवळची जागा आम्ही मोठे म्हणून नेहमीं आमची असे. धाकट्यास आमच्या खांद्यावरून डोकावून पाहावें लागे.

या चित्राच्या वेळीं मर्क्युरीस आपल्या आजाराचें निदान कळून दोन वर्षें झालीं होतीं. १९८७ सालीं त्याच्या शरीरांत एड्सचे विषाणू असल्याचें ठरलें. त्यानें तें जगापासून लपविलें. पुढचीं चित्रें ही गोष्ट ठाऊक असतां पाहणें म्हणजे दुसरेंच कांहीं पाहणें होय. १९९१ च्या फेब्रुवारींत काढलेल्या 'आय ॲम गोइंग स्लाइटली मॅड'मध्यें सर्व कृष्णधवल आहे. चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा जाड थर, डोक्यावर विस्कटलेल्या केसांचा टोप, आणि रोडावलेलें अंग भरीव दिसावें म्हणून कोटाखालीं कपड्यांचे जादा थर. भोंवतीं पेंग्विन काय, गोरिला काय, टेलरच्या डोक्यावर किटली काय. सारा वेडाबाजार मांडला आहे, आणि त्याच्या आडोशाला एक आजारी माणूस काम करीत आहे.

यादींतलें शेवटचें नांव 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'. हें ३० मे १९९१ रोजीं चित्रित झालें. मर्क्युरीनें कॅमेऱ्यापुढें केलेलें हें शेवटचें काम. मे तेव्हां परदेशांत होता. त्याचा भाग मागाहून जोडला. चित्र रंगीत घेऊन, आजार कमी दिसावा म्हणून, कृष्णधवल करण्यांत आलें. मर्क्युरीच्या अंगांत त्याच्या लाडक्या मांजरांचीं चित्रें काढलेलें जाकीट आहे. जो माणूस व्यासपीठाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत वाऱ्यासारखा फिरे तो येथें जवळजवळ एका जागीं उभा आहे. गालफडें बसलीं आहेत. हात मोजकेच हलतात. शेवटीं तो कॅमेऱ्याकडे सरळ पाहतो, गाण्याचे अखेरचे शब्द जवळजवळ कुजबुजतो, आणि हंसतो. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं तो वारला, वय पंचेचाळीस. त्याच डिसेंबरांत इंग्लंडांत एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या एका अंगास १९७५ चें तें पहिलें गाणें व दुसऱ्या अंगास हें.

पुतणीनें पुढचें लावण्यासाठीं हात पुढें केला, पण पुढें कांहीं नव्हतें. आम्हीं तिला तेंच गाणें पुन्हां लावावयास सांगितलें, आणि या वेळीं मुद्दाम डोळे मिटले. आवाज निकोप होता. जागच्या जागीं, भरलेला, कोठें कापरा नाहीं कीं दम तुटलेला नाहीं. कानांवर विसंबणाऱ्या माणसानें शपथेवर सांगितलें असतें कीं, हा गाणारा खडखडीत आहे.

येथें तो दुसरा संकोच सांगणें प्राप्त आहे. आमचा भाऊ शेवटचें वर्षभर पुण्यास आजारी होता. दर रविवारीं सायंकाळीं त्याचा फोन येई. आवाज नेहमींचाच, खणखणीत. "मी बरा आहे, दादा, तूं पावसांत येऊं नकोस." पुतणीनें एकदां सुचविलें होतें कीं, "काका, व्हिडिओ कॉल करूं या, म्हणजे बाबा दिसतील." त्यावर, "बोलण्यास चेहरा कशाला हवा?" असें आम्हीं म्हटलें. पुणें वाईपासून दोनअडीच तासांवर. तरी त्याच्या आवाजावर भिस्त ठेवून आम्ही तें वर्ष घालविलें. शेवटीं गेलों तेव्हां त्याचे अकरा दिवस उरले होते, आणि खाटेवरचा माणूस आम्हीं प्रथम ओळखला नाहीं.

हें आम्हीं त्या तिसऱ्या संध्याकाळीं पुतणीजवळ बोलून दाखविलें. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रविवारीं तुम्हांला फोन करायच्या आधीं बाबा तासभर कोणाशीं बोलत नसत. दम सांठवून ठेवीत. मग कोमट पाणी पिऊन, उशीला टेकून बसत, आणि मग नंबर लावायला सांगत." आम्हीं विचारलें, "आणि माझें तें, चेहरा कशाला म्हणून?" ती म्हणाली, "बाबांना तें बरेंच वाटलें असावें. ते म्हणाले, दादानें माझें काम सोपें केलें."

मर्क्युरीस पांढरा रंग, टोप आणि कृष्णधवल फीत इतकें सर्व लागलें. आमच्या भावास आमचें एक मत पुरलें.

गाणें कानाचें कीं डोळ्यांचें हा वाद आम्हीं आतां सोडून दिला आहे. कान खोटें बोलतो असें नव्हे; ज्यानें दम सांठवून आपल्यासाठीं आवाज नीट लावला त्याचें प्रेम त्या आवाजांत खरेंच होतें, आणि तें आम्हांस ऐकूंही आलें. परंतु त्यास त्यासाठीं काय पडलें हें ऐकूं येत नव्हतें. तें दिसलें असतें. 'जरा बस' असें त्यानें तीन वेळां म्हटलें तेव्हां आम्ही बसलों असतों, तर पाहण्याची थोडी संवय आमच्या डोळ्यांस लागली असती, आणि कदाचित् त्या वर्षीं आम्ही न विचारतां पुण्याची गाडी धरली असती.

तो पुठ्ठा आम्ही टेबलावर ठेविला आहे. शेवटच्या नांवापुढें साल आहे, पण समास कोरा आहे. त्या सुमारास त्यानें विचारणें सोडलें असावें. पुतणी पुण्यास परत गेली, परवां रविवारीं तिचा फोन आला, आणि "काका, कसे आहांत?" असें तिनें विचारलें. आम्ही बरे आहों म्हणणार होतों. तसें न म्हणतां, चेहरा दिसेल असा फोन कसा लावावयाचा तें आम्हीं तिला विचारलें. दोन वेळां चुकून तिसऱ्या वेळीं तो लागला.